देव मानत नाही, मग सणाचं काय करू?

सण सोडायची काहीच गरज नाही रे. मी सुरुवातीला सणाच्या दिवशी मुद्दाम दार लावून बसायचो नि जेवताना वाद घालायचो, त्यात कोणाचं मत बदललं नाही, आईचा मूड तेवढा गेला. आता आदल्या दिवशीच सांगून टाकतो की हात जोडणार नाही पण सजावट, स्वयंपाक, पाहुण्यांचं सगळं माझ्याकडे, आणि ते खरंच करायचं हां, नाहीतर लोकांना वाटतं कामं टाळायला नास्तिक झालाय. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलं तर काय बिघडत नाही. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्ससारखा कट्टर निरीश्वरवादीपण २००७ मध्ये म्हणालेला की त्याला ख्रिसमस कॅरोल्स (नाताळची भक्तिगीतं) गायला आवडतं. पोरांनी विचारलं तर मात्र थापा मारू नकोस, 'आजी मानते, मी नाही' एवढं पुरे.