वाचक विचारतात: युरोपात स्वतः गाडी चालवत फिरायचंय

प्रश्न: आम्ही पाचजण, मी, नवरा, सासू-सासरे (वय ६८ आणि ७२) आणि ८ वर्षांची मुलगी, सप्टेंबरमधे १४ दिवस युरोपला जातोय. ग्रुप टूर नकोय, गाडी भाड्याने घेऊन फिरायचं ठरलंय. पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, कोलोन, ल्युसर्न, मिलान आणि शेवटी रोम, असे सहा देश होतात. नवरा पुणे-गोवा कितीतरी वेळा एकटा चालवत गेलाय त्यामुळे ड्रायव्हिंगची भीती नाही. हे जमेल का आणि काय काळजी घ्यायची?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, गाडीने फिरायचा निर्णय अगदी छान आहे, सासू-सासरे बरोबर असताना तर जास्तच, कारण ट्रेनच्या जिन्यांवरून बॅगा ओढायला लागत नाहीत आणि वाटलं तिथं थांबता येतं. पण हा रूट मात्र बदला असं मी मनापासून सांगेन. नकाशावर ही शहरं जवळ दिसतात, पण कोलोन ते ल्युसर्नच सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, मिलान-रोमही जवळपास तेवढंच, आणि सगळं मिळून दोन हजाराच्या वर जातं. प्रवासाचे दिवस वजा केले की हातात १२ उरतात, त्यातले निम्मे हायवेवर जातील आणि सासऱ्यांना आठवतील ते फक्त पेट्रोल पंप. शिवाय पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, रोम ही गाडीने बघायची शहरं नाहीतच, तिथं पार्किंगचेच इतके पैसे जातात की गाडी डोक्याला ताप होते. वर गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर वन-वेचा चार्ज लागतो, तो कधीकधी भाड्याइतका होतो.

म्हणून गोल फिरा. म्युनिक एअरपोर्टला गाडी घ्या, साल्झबर्ग, तिथून स्लोव्हेनियातलं ब्लेड, मग व्हेनिस, मग वर डोलोमाइट्सचे डोंगर, बोल्झानो, इन्सब्रुक आणि परत म्युनिक. चार देश, साधारण बाराशे किलोमीटर, बहुतेक दिवशी तीन-चार तासांपेक्षा जास्त चालवावं लागणार नाही, आणि चारही ठिकाणी युरो चालतो. एकच लक्षात ठेवा, सप्टेंबरच्या मध्यापासून म्युनिकला ऑक्टोबरफेस्ट ही बिअरची मोठी जत्रा असते, तेव्हा हॉटेलं प्रचंड महाग होतात, त्यामुळे उतरलात की सरळ साल्झबर्ग गाठा, एअरपोर्टपासून दोनशे किलोमीटर पण नाही. विमानाच्या थकव्यात नवऱ्याला लगेच स्टिअरिंगवर बसवू नका मात्र, रात्रभराच्या फ्लाइटने सकाळी उतरत असाल तर साल्झबर्ग दुसऱ्या दिवसावर टाका आणि एअरपोर्टजवळच्या एखाद्या गावात ती रात्र काढा.

टोलचं प्रकरण प्रत्येक देशात वेगळं आहे. जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात मोटरवेसाठी विन्येट घ्यावं लागतं, म्हणजे ठराविक दिवसांचा पास, बॉर्डरच्या अलीकडच्या पंपावर मिळतो, गाडीचा नंबर अचूक द्या आणि पावती जपून ठेवा. भाड्याच्या जर्मन गाडीला तो आधीपासून असेल असं धरून चालू नका. शिवाय साल्झबर्ग ते ब्लेडच्या वाटेवरच्या टाउअर्न आणि कारावांकेन बोगद्यांना आणि इटलीतून इन्सब्रुकला येणाऱ्या ब्रेनर हायवेला वेगळा टोल आहे, विन्येट असलं तरी. इटलीत हायवेवर चढताना तिकीट घ्या आणि उतरताना पैसे भरा.

आणि इटलीत झेडटीएल ही पाटी पाठ करा! जुन्या गावांच्या मध्यभागी परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी असते, कॅमेरा फोटो काढतो, पोलीस कोणी अडवत नाही. आम्ही एका गावात हॉटेल शोधत दोन मिनिटं आत गेलो आणि चार-पाच महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर दंडाची नोटीस आली, त्याआधीच भाड्याच्या कंपनीने आमची माहिती पुरवल्याचा वेगळा चार्ज कार्डावर टाकला होता. मनाला फार लागलं ते. व्हेनिसला जाताना शहराबाहेरच्या मेस्त्रे या भागात राहा, गाडी तिथंच ठेवा आणि दहा-बारा मिनिटांच्या ट्रेनने आत जा.

पुणे-गोवा चालवणाऱ्या माणसाला उजव्या बाजूने चालवणं दोन तासांत जमतं, जड जातात ते उजव्या हाताचे नियम. जिथं पाटी किंवा सिग्नल नाही तिथं उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती गल्ली कितीही छोटी असो. हायवेवर ओव्हरटेक फक्त डावीकडून, झालं की लगेच उजव्या लेनमधे परत. जर्मनी-ऑस्ट्रियात ट्रॅफिक जाम झाला तर डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधे अ‍ॅम्ब्युलन्ससाठी वाट ठेवायची असते, गाड्या थांबायच्या आधीपासून. ऑटोबानवर काही भागात लिमिट नाही हे खरं, पण १३० च्या आतच राहा, आईबाबा मागे बसलेत.

गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच बुक करा. पाचजणांच्या बॅगा साध्या हॅचबॅकमधे मावत नाहीत, मोठी डिकी असलेली स्टेशन वॅगन घ्या, तिथं तिला कॉम्बी म्हणतात. डिपॉझिटसाठी ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. स्लोव्हेनिया आणि इटलीत न्यायची परवानगी कंपनीकडून लेखी घ्या. मुलीला बूस्टर सीट लागेलच.

व्हिसा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे मागायचा, या रूटमधे बहुधा इटली येईल. राहायला किचन असलेलं अपार्टमेंट बघा, भाजणी आणि मेतकूट न्या, पण तूप, पेढे, बर्फी नको. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपियन युनियनमधे मनाई आहे.

प्रश्न: मुलगा स्टुटगार्टला असतो. त्याची गाडी घेऊन आम्ही दोघं ऑस्ट्रियाला जाऊन येऊ शकतो का? माझं लायसन्स महाराष्ट्राचं आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: जाता येईल काका, पण आधी मुलाला इन्शुरन्सचे कागद बघायला सांगा. तिकडे पॉलिसीत गाडी कोण कोण चालवणार हे लिहिलेलं असतं, तुमचं नाव किंवा वय त्यात बसत नसेल तर त्याला कंपनीला कळवून थोडे पैसे भरावे लागतील. हे करायचं राहिलं आणि अपघात झाला तर भुर्दंड त्याच्यावर येतो. आपल्या आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, १ वर्ष चालतं, अर्जाबरोबर पासपोर्टची कॉपी लागते, पूर्वी व्हिसाचीही लागायची पण ती अट २०२१ मधे काढली. मूळ लायसन्स बरोबर हवंच, नुसतं परमिट चालत नाही. आणि दोघांचे पासपोर्ट गाडीत हाताशी ठेवा, ऑस्ट्रियातून परत येताना जर्मन पोलीस बॉर्डरवर तपासणी करतात.