शिंपल्याला इतकं गोल भोक कोण पाडतं?

जुहूच्या वाळूत मिळालेल्या शिंपल्याला माळेत ओवण्यासाठी पाडावं तसं भोक आहे, ते माणसाने पाडलंय का, असं तुम्ही विचारलंय. माणसाचा काही संबंध नाही. तो खून आहे आणि खुनी गोगलगाय.

भोकाची कड नीट बघा. वर रुंद आणि आत निमुळतं होत गेलं असेल, तर ते मून स्नेल या समुद्री गोगलगाईचं काम. ही वाळूखाली फिरते, शिंपला सापडला की आपल्या मांसल पायात गुंडाळते आणि तिथेच भोक पाडायला घेते. भोक सरळ उभं आत गेलं असेल, तर संशय म्युरेक्स या समुद्री गोगलगाईंच्या दुसऱ्या कुळावर.

या कुळातली मुंबईची एक जात म्हणजे इंडोथाइस ब्लॅनफोर्डी. नाव कोणी ऐकलेलं नसतं. 1893 मध्ये मेलव्हिल या इंग्रज शंखतज्ज्ञाने तिचं वर्णन केलं. मुंबईच्या किनाऱ्यावरून जमवलेल्या 25 नव्या जातींवरचा त्याचा लेखही त्याच वर्षीचा. ओहोटीला खडपावर कालवं दिसतात, तिथेच ही असते. रंगाने मळकट, त्यामुळे खडकाचाच तुकडा वाटते. ज्यांच्यावर लोकांची नजर पडत नाही, त्यांत हिचा नंबर बराच वरचा, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

भोक पाडायची या कुळाची पद्धत मात्र बघण्यासारखी. पायात एक छोटा अवयव असतो, त्यातून आम्लयुक्त स्राव येतो आणि शिंपल्याचा चुना मऊ पडतो. मग दातेरी जीभ तो मऊ थर खरवडते. पुन्हा स्राव, पुन्हा खरवड. शिंपला जाड असेल तर यात दिवसही जातात. आरपार झालं की सोंड आत घालून मांस ओरपायचं. बिचारं कालव खडकाला चिकटलेलं, पळणार कुठे!

कधी कधी अर्धवट भोक असलेला शिंपलाही मिळतो. तो बहुधा वाचलेला. आणि एकाच शिंपल्याला चाळणीसारखी बारीक भोकं असतील, तर गोगलगाईला दोष देऊ नका. ते बहुतेक शिंपला पोखरणाऱ्या स्पंजाचं काम असतं.

वाळूवर रबराच्या फाटक्या पट्टीसारखी गोल गुंडाळी दिसली, तर कचरा समजून उचलू नका. मून स्नेलची अंडी असतात त्यात, वाळूत चिकटवलेली.