एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्यातल्या एखाद्या संघाची जर्सी विकली गेली की पैसे कोणाकोणाला मिळतात?

कॅन्सस सिटी चीफ्स संघाचा खेळाडू पॅट्रिक माहोम्सची जर्सी खपली की सगळा पैसा चीफ्सच्या तिजोरीत जातो, हा समज चुकीचा आहे.

संघाचं नाव आणि चिन्ह वापरण्याबद्दल जर्सी बनवणारी कंपनी लीगला जी रक्कम देते, ती रॉयल्टी. ती दुकानातल्या किमतीवर नाही, तर सहसा घाऊक किमतीवर आकारतात. समजा, जर्सी दुकानात 130 डॉलरला आहे, तिची घाऊक किंमत 65 आणि दर 12 टक्के. म्हणजे रॉयल्टी झाली 7 डॉलर 80 सेंट. ती लीगच्या सामायिक खात्यात जमा होते आणि 32 संघांत सारखी वाटली जाते. एका संघाच्या वाट्याला जेमतेम 24 सेंट! लाखभर वस्तीच्या ग्रीन बेचा संघ न्यूयॉर्कच्या संघांसमोर टिकतो, त्यामागे अशा समान वाटणीचाही हात आहे. माझ्या मते ती योग्यच आहे.

अपवाद डॅलस काउबॉइज या संघाचा. त्यांचा माल ते स्वतःच बनवून घेऊन विकतात, त्यामुळे नफा त्यांचा आणि न खपलेल्या मालाचा तोटाही त्यांचाच.

खेळाडूचं नाव आणि क्रमांक वापरण्याचे पैसे वेगळे. सहा किंवा जास्त खेळाडूंची नावं वापरायची असतील तर परवाना खेळाडूंच्या संघटनेकडून घ्यावा लागतो. त्या उत्पन्नातला काही भाग खेळाडूंत समान वाटतात, काही विक्रीनुसार.

स्टेडियममधल्या दुकानाचा किरकोळ विक्रीतला नफा मात्र 32 संघांच्या वाटणीत येत नाही. तो क्लबकडे किंवा दुकान चालवणाऱ्या कंपनीकडे जातो. हिशोब मांडताना लोक नेमके इथेच गडबडतात, कारण रॉयल्टी आणि दुकानदाराचा नफा ते एकत्र धरतात.