मागच्या बाकावरून विचारलेला प्रश्न

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातील एका साखर कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार आहे. आयुष्यातील उमेदीची वर्षे कारखान्यात घालवूनही मला फंडाची पेन्शन दरमहा पंधराशे रुपयांच्या आतच मिळते. पेन्शनवाढीच्या आमच्या मागणीचा विषय लोकसभेत अनेकदा निघाला, पण पदरात काही पडले नाही. जो खासदार मंत्री नाही, मागच्या बाकावर बसतो आणि ज्याचे बोलणे ऐकायला सभागृहात पुरेसे लोकही नसतात, त्याने आमचा प्रश्न मांडून काय साधणार?
– एक निवृत्त कामगार, वाळवा तालुका

उत्तर : आपली रक्कम एवढी कमी का, हे आधी सांगतो, कारण खासदाराने नेमके काय विचारावे हे त्यावरच ठरते. आपली ही पेन्शन ज्या योजनेतून येते, ती कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. तिच्यात निवृत्तिवेतनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. हा पगार प्रत्यक्ष हातात येणारा नसून योजनेने मान्य केलेल्या कमाल मर्यादेतला असतो. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, २००१ मध्ये ६,५०० झाली आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. म्हणजे ५,००० रुपये पगार आणि २० वर्षे सेवा धरली, तर महिन्याला सुमारे १,४२८ रुपये हाती येतात. त्याला महागाई भत्ता जोडलेला नसल्यामुळे निवृत्तीच्या वेळी ठरलेला आकडा औषधांचे आणि किराण्याचे भाव कितीही वाढले तरी जागचा हलत नाही. कारखान्यात ऊस टाकण्याच्या गव्हाणीपुढे उभे राहून ज्यांनी हंगामामागून हंगाम काढले, त्यांच्या म्हातारपणाची ही किंमत असावी, हे मला अन्यायाचे वाटते.

आता संसदेकडे वळू. या योजनेत किमान १,००० रुपये निवृत्तिवेतनाची तरतूद १ सप्टेंबर २०१४ पासून झाली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, राज्यसभेच्या याचिका समितीने भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली याच योजनेवरील याचिकेचा विचार करून किमान रक्कम ३,००० रुपये करावी, अशी शिफारस केली होती. सरकारने दिलेली रक्कम शिफारशीच्या एक तृतीयांश आहे, हे खरे. तरीही निवृत्तांच्या संघटना आजही आपली मागणी मांडताना त्याच अहवालाचा आधार घेतात. एका याचिकेतून असा दस्तऐवज तयार झाला, की सरकारे बदलली तरी तो नाकारता येत नाही. अशा समित्यांमध्ये मंत्री नसतात. ते काम आपण ज्यांना मागच्या बाकावरचे म्हणता, तेच सदस्य करतात.

प्रश्न विचारण्याचा अधिकारही मंत्री नसलेल्या सदस्यांचाच आहे. लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास, अकरा ते बारा, प्रश्नोत्तरांचा असतो. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न येतात. त्यासाठी किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि कोणाचा प्रश्न घ्यायचा हे चिठ्ठ्या काढून ठरते. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. प्रत्यक्षात तासाभरात त्यांतले मोजकेच प्रश्न पुकारले जातात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी मिळते. वर्तमानपत्रांना तारांकित प्रश्नाचे आकर्षण असते, पण आपल्यासारख्यांच्या कामाचा मला अतारांकितच अधिक वाटतो, कारण त्यात आकडे मागता येतात आणि दिलेले आकडे कायमचे नोंदले जातात.

म्हणून ‘किमान निवृत्तिवेतन वाढवणार का?’ असे विचारले, की ‘असा प्रस्ताव विचाराधीन नाही’ एवढे उत्तर देऊन मंत्रालय मोकळे होते. त्याऐवजी, सांगली आणि सातारा जिल्ह्यांत या योजनेचे निवृत्तिवेतनधारक किती, त्यांतील १,५०० रुपयांपेक्षा कमी मिळणारे किती, किमान रक्कम ३,००० केल्यास वर्षाला किती खर्च येईल, आणि २०१३ च्या शिफारशीवर सरकारने काय निर्णय घेतला, असे तुकडे करून विचारावे. यांतील एखाद्या मुद्द्यावर ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे उत्तर आले, तर ते आश्वासन मानले जाते. ते सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत पूर्ण करावे लागते आणि त्यावर सभागृहाची शासकीय आश्वासनांविषयीची समिती लक्ष ठेवते. नकाराच्या उत्तराचा असा पाठपुरावा होत नाही. प्रश्नाच्या शब्दरचनेवर किती अवलंबून असते, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

प्रश्नोत्तरांच्या तासानंतर शून्य प्रहरात तातडीचा विषय काढता येतो, पण तेथे मंत्र्यांवर लगेच उत्तर देण्याचे बंधन नसते. नियम ३७७ खाली सदस्य थोडक्या शब्दांत आपल्या भागाची तक्रार नोंदवू शकतो आणि ती संबंधित मंत्रालयाकडे जाते. सभागृह रिकामे असले तरी या नोंदी व्हायच्या राहत नाहीत.

आपण काय करावे, हेही सांगतो. वाळवा तालुका सांगली जिल्ह्यात असला तरी त्यातली गावे ज्यांत मोडतात ते इस्लामपूर आणि शिराळा हे विधानसभा मतदारसंघ हातकणंगले लोकसभा मतदारसंघात येतात, तेव्हा निवेदन तिकडच्या खासदारांना द्यावे. आपल्याबरोबरच्या पंचवीस-तीस जणांची सेवेची वर्षे, शेवटचा पगार आणि मिळणारी रक्कम असा एक तक्ता करावा आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशाच्या प्रती सोबत जोडाव्यात. हार घालून दिलेल्या निवेदनापेक्षा असा तक्ता खासदाराच्या कार्यालयात अधिक जपला जातो, कारण त्यावरून प्रश्न लिहिणे सोपे जाते. अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेले कागद बहुधा उशिराचे ठरतात, ते महिनाभर आधी पोहोचवावेत.

प्रश्न : आमचे गाव जत तालुक्याच्या पूर्व भागात आहे. पाण्यासाठी आम्ही आमदारांकडे जातो तेव्हा ‘केंद्राचा प्रश्न’ म्हणतात आणि खासदारांकडे जातो तेव्हा ‘राज्याचा प्रश्न’ म्हणतात. खरे कोणाचे?
– एक शेतकरी भगिनी, जत तालुका

उत्तर : ताई, दोघांच्याही म्हणण्यात अर्धे-अर्धे तथ्य आहे, आणि म्हणूनच आपली अशी ओढाताण होते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पाणीपुरवठा, सिंचन आणि कालवे हे राज्यसूचीतील विषय आहेत. कृष्णेतून पाणी उचलणाऱ्या म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी आपल्या शिवारात कधी पोहोचणार, पंपांच्या विजेचे बिल कोणी भरायचे, पोटकालव्यांचे काम का रखडले, हे प्रश्न विधानसभेत विचारायचे. ते लोकसभेत पाठवले तर बहुधा दाखलच होत नाहीत, कारण जो विषय मुख्यतः भारत सरकारच्या अखत्यारीत नाही, त्यावर तेथे प्रश्न घेतला जात नाही.

आंतरराज्य नद्यांचे नियमन मात्र केंद्राच्या सूचीत आहे. कृष्णेच्या पाण्याचा वाद १९५६ च्या कायद्याखालील लवादापुढे गेला आणि दुसऱ्या कृष्णा लवादाने २०१० मध्ये दिलेल्या निवाड्यात कर्नाटकातील अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास परवानगी दिली. त्यानंतर हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायप्रविष्ट बाबीवर संसदेत प्रश्न विचारता येत नाही, त्यामुळे उंचीबद्दलचा थेट प्रश्न अडतो. पण केंद्रीय जल आयोगाची पूर-पूर्वसूचना सांगलीला किती तास आधी मिळते, पावसाळ्यात दोन्ही राज्यांच्या धरणांतील विसर्गाचा समन्वय कोण करते, हे विचारायला अडचण नसावी. २०१९ च्या पुरात जे सांगलीत पाण्यात होते, ते आणि त्याच वर्षी जतमध्ये टँकरची वाट पाहणारे, दोघेही एकाच खासदाराचे मतदार आहेत. जत आणि सांगली हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ सांगली लोकसभेतच मोडतात, आणि एकाच नदीचे हे दोन प्रश्न एकत्र मांडण्याची संधी त्या खासदाराइतकी दुसऱ्या कोणाला नाही.

आपल्या निवेदनाचे दोन स्वतंत्र कागद करा. एका कागदावर दोन्ही मागण्या असल्या, की प्रत्येक कार्यालयाला आपल्याकडे नसलेली मागणीच आधी दिसते.

प्रश्न : सामान्य सदस्याने मांडलेल्या विधेयकाचा कायदा होतो का?
– एक विद्यार्थी, तासगाव

उत्तर : क्वचितच. खासगी सदस्यांच्या कामकाजासाठी लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास ठेवलेले असतात. पण स्वातंत्र्यानंतर अशी केवळ १४ विधेयके संमत झाली आणि त्यांतील शेवटचे १९७० मध्ये. अनेकदा विधेयकावर चर्चा होते, मंत्री सरकारची बाजू सांगतात आणि सदस्य ते मागे घेतो. विषय मात्र सरकारपुढे आलेला असतो.

आपण तासगावचे आहात म्हणून एक जवळचे उदाहरण देतो, ते संसदेचे नसून आपल्या विधिमंडळाचे आहे. आपल्याच तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे १९६० ते १९७८ या काळात विधानपरिषदेचे सभापती होते, मंत्री नव्हते. मागेल त्याला काम देण्याचा त्यांचा विचार १९६५ मध्ये तासगाव भागात प्रयोगादाखल अमलात आला, १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा मंजूर केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. विसापूरपासून दिल्लीपर्यंतच्या या प्रवासाला चाळीस वर्षे लागली.