रक्त देण्याआधी भावानं सकाळची गोळी घेतली होती का?

ताई, भावाला आईची किडनी बसवून सात महिने, शरीरानं ती नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली लेव्हल जास्त आली, म्हणून गोळी कमी केली आणि आता क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं नीट गाळलं नाही की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ, १.२ वरून १.७. तुमची पोस्ट वाचताना माझीच जुनी फाइल उघडल्यासारखं झालं. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. मला आक्काची किडनी आहे.

माझी तपासणी पुण्याला असायची. सोलापुरातून पहाटेची हुतात्मा धरायची, आठची गोळी गाडीतच घ्यायची, कारण वेळ चुकवायची नाही हे डोक्यात पक्कं बसलेलं. रक्त द्यायला अकरा वाजायचे. पण ही लेव्हल आदल्या गोळीला बारा तास झाल्यावर, पुढची घेण्याआधी मोजतात. गोळीनंतर एक ते तीन तासांत औषध रक्तात सगळ्यात वर असतं, माझं रक्त नेमकं तेव्हा घेतलं. रक्त घेणाऱ्या केंद्रात कुणी विचारलं नाही, मला सांगायचं सुचलं नाही. कागदावर लेव्हल जास्त दिसली, डोस कमी झाला. तीन आठवड्यांत क्रिएटिनिन १.९. बायोप्सीत, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला त्यात, रिजेक्शन निघालं, शरीर किडनी नाकारत होतं; तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं. उतरलं ते १.५ वर, आणि तिथंच राहिलं. नंतर त्या केंद्रात विचारायला गेलो तर म्हणाले, "ते डॉक्टरांनी सांगायला पाहिजे होतं." "गोळी कधी घेतली?" एवढं विचारायला किती वेळ लागतो हो? आक्कानं पोटातनं काढून दिलेलं होतं ते. राग अजून जात नाही.

आईची किडनी असून शरीर का नाकारेल, असं तुम्ही विचारलंय. पेशी आपली की परकी हे शरीर ज्यावरून ओळखतं त्या खुणा एचएलए जनुकं ठरवतात. त्यांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. म्हणजे आईच्या दोन संचांपैकी एकच भावाकडे आलाय, दुसरा त्याच्या टी पेशींना, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना, बहुतेक परकाच. परकं दिसलं की या पेशी आयएल-२ नावाचं प्रथिन सोडून आपली संख्या वाढवतात आणि किडनीवर धावून जातात. टॅक्रोलिमस ते प्रथिन बनणंच दाबून धरतं. औषध कमी पडलं की पेशी कामाला लागल्याच, सात महिने झाले काय नि सात वर्षं काय. "दुखत नाही, ताप नाही, लघवी साफ आहे" यावर तर मुळीच विसंबू नका. माझंही काही दुखलं नव्हतं.

अर्थात १.७ म्हणजे रिजेक्शनच, असं मी म्हणत नाही. आपल्याकडच्या उन्हात पाणी कमी पडलं तरी क्रिएटिनिन चढतं, आणि लेव्हल खरोखरच जास्त असेल तरी चढतं. म्हणून मनानं गोळी वाढवू नका. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरनं बुरशीचं किंवा टीबीचं औषध दिलं असेल तर तेही सांगा, त्यांनी लेव्हल वरखाली होते.

गोळीची आणि रक्ताची, दोन्ही वेळा कागदावर लिहा आणि ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना आजच फोन करा. ओपीडीच्या वाराची वाट बघू नका.