जनरल एव्हिएशन म्हणजे फक्त श्रीमंतांची खासगी विमानंच ना? गोव्याला त्याचा काय उपयोग?

फक्त तेवढंच नाही. वेळापत्रकाने उडणारी प्रवासी-माल विमानं आणि लष्करी विमानं वगळली की उरतं ते जवळपास सगळं यात येतं: वैमानिक प्रशिक्षण, खासगी विमानं, हवाई सर्वेक्षण. भाड्याची चार्टर विमानं काटेकोर व्याख्येत बसत नाहीत, पण बोलताना आपण तीही यातच धरतो.

माझ्या मते खरा पाया प्रशिक्षणाचा. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला किमान 200 तास उड्डाण लागतं आणि त्यातलं बरंचसं सेसना 172 सारख्या चार आसनी विमानात होतं. तुम्हाला मुंबईला नेणारा कॅप्टन बहुधा अशाच खटाऱ्यात घाम गाळून आलेला असतो (खटारा प्रेमाने म्हणतोय).

दुसरं, पोच. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे 5,000 विमानतळ आहेत, पण एअरलाइन्स जातात त्यातल्या जेमतेम 500 ठिकाणी. बाकी सगळा कारभार छोट्या विमानांचा.

आता आपलं बघा. दाबोळी विमानतळ म्हणजे नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. नौदलाच्या सरावाच्या वेळा सोडूनच नागरी विमानांना जागा मिळते. जानेवारी 2023 मध्ये मोपाचा दुसरा विमानतळ सुरू झाल्यावर थोडी मोकळीक आली. डिसेंबरात लग्नाची वऱ्हाडं छोट्या जेटने उतरतात. विमान धनिकाचं खरं, पण टॅक्सी पेडण्याची, फुलं म्हापशाच्या बाजारातली. आणि गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातून) एखाद्या अत्यवस्थ रुग्णाला तातडीने बाहेर न्यायचं झालं, तर एअर ॲम्ब्युलन्स म्हणून येतं तेही असंच छोटं विमान.