लोणार सरोवर २०२० मध्ये गुलाबी झालं, ते जैविक घटकामुळे की अजैविक?

रंग जैविक घटकाचा, पण त्याला वाव दिला अजैविक घटकांनी. लोणारचं पाणी वाहून बाहेर जात नाही, फक्त वाफ होऊन उडतं. क्षार मागेच राहतात. जून २०२० मध्ये पातळी घटली, खारेपणा वाढला आणि एरवी पाण्याला हिरवट छटा देणाऱ्या शैवालाऐवजी हॅलोआर्किया हे मीठप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले. गुलाबी रंगद्रव्य त्यांचंच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हेच निघालं: नमुना स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले नि वरचं पाणी नितळ झालं, म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता. मात्र मिठागरातलं लालसर पाणी बघून हाच निष्कर्ष काढू नका; तिथे लालसर रंग देणारं ड्युनालिएला नावाचं शैवालही असू शकतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच ठरवा.